परवाना कशाला बांधला आहे?

जालन्याच्या एमआयडीसीतला सळईचा कारखाना म्हटलं की भट्टी, बिलेट आणि रोलिंग मिल डोळ्यांपुढे येते. पण भट्टीतला रस ओतायचा की थांबायचं, हे ठरतं शेजारच्या एका छोट्या एसी खोलीत. भंगार आणि स्पंज आयर्न वितळलं की भट्टीतून नमुना काढतात, थंड करून घासतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. ठिणगी उडते आणि थोड्याच वेळात कार्बन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस यांचे आकडे पडद्यावर येतात. आयएस १७८६ या भारतीय मानकानुसार ‘फे ५०० डी’ दर्जाच्या सळईत गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि दोन्ही मिळून ०.०७५ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. इतका बारीक हिशेब दाखवणारा कॉम्प्युटर मात्र पुष्कळदा त्या खोलीतली सगळ्यात थकलेली वस्तू असतो. उपकरणासोबत आलेला, विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वर चालणारा, पंखा घरघरणारा. उपकरण अजून कैक वर्षं काम देईल, पण कॉम्प्युटर उद्याचा भरवसा देत नाही. आणि उपकरणाचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालायला तयार नाही.

अशा वेळी हार्डवेअरचं काम करणारा हुशार मुलगा तोडगा सुचवतो. “शेठ, हा डबा जाऊ द्या. यातलं विंडोज, स्पेक्ट्रोचं सॉफ्टवेअर, सगळं जसंच्या तसं उचलतो आणि नव्या पीसीच्या आत बसवून देतो. बाहेर विंडोज ११, आत तुमचं जुनं विंडोज ७.” हे शक्य आहे. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातला डिस्क२व्हीएचडी हा छोटा प्रोग्राम चालू कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क एका फाइलमध्ये उतरवतो, तेही फुकटात. उपकरण सीरियल पोर्टला किंवा यूएसबीला जोडलेलं असेल तर तो पोर्ट आतल्या विंडोजला देता येतो. जुन्या डब्यात उपकरणाचं खास कार्ड बसवलेलं असेल तर मात्र गाडी अडते.

काम झालं, आकडे येऊ लागले, केमिस्ट खूश. एक प्रश्न तेवढा कुणी विचारत नाही: त्या फाइलीत जे विंडोज गेलं, त्याचा परवाना सोबत गेला का? बहुतेक वेळा गेलेला नसतो.

यंत्राची फाइल होते तेव्हा

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर. खऱ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा आणि रॅमचा वाटा त्याला मिळतो. हार्ड डिस्कच्या जागी एक मोठी फाइल असते. बाहेरच्या खऱ्या यंत्राला होस्ट म्हणतात, आतल्याला गेस्ट. आतल्या विंडोजला आपण लोखंडी डब्यातच बसलो आहोत असं वाटत राहतं.

कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणलं, कारण कोट्यवधींचं एक यंत्र अनेकांना स्वतंत्र यंत्रासारखं वापरायचं होतं. साध्या पीसीवर ही सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनने आणली. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळू लागलं. विंडोज ८ पासून तर विंडोजच्या प्रो आवृत्तीतच हायपर-व्ही येतं. म्हणजे जालना, परतूर किंवा भोकरदनच्या कुठल्याही दुकानातून घेतलेल्या बऱ्यापैकी लॅपटॉपवर आज दोन-तीन कॉम्प्युटर आत चालवता येतात.

परवान्याची भानगड इथेच सुरू होते. डबा होता तोवर हिशेब डोळ्यांना दिसायचा: पाच डबे, पाच विंडोज. डब्याची फाइल झाली की ती कॉपी-पेस्ट करता येते, पेनड्राइव्हवरून नेता येते, एका दिवसात दहा ठिकाणी उघडता येते. उपकरण म्हणजे नक्की काय, हे आता डोळे सांगू शकत नाहीत. ते फक्त कराराचा कागद सांगतो.

पैसे दिले ते कशाचे?

भारतात कॉम्प्युटर प्रोग्राम हा कॉपीराइट कायद्याखाली येतो. १९५७ च्या कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि प्रोग्रामला साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. पुस्तकाची प्रत आपली, पण ती छापून विकण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाचा, हेच तत्त्व प्रोग्रामला लागलं. फरक एवढाच की पुस्तक वाचताना प्रत निघत नाही, प्रोग्राम वापरायचा तर तो आधी डिस्कवर आणि मग रॅममध्ये उतरवावाच लागतो. म्हणून त्याच्या साध्या वापरालाही परवानगी लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांमुळे चित्र स्पष्ट होतं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या २००४ च्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की बाजारात तयार मिळणारं, सीडीसारख्या माध्यमावर आलेलं सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागू शकतो. दुसरा निकाल २ मार्च २०२१ चा, इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या कंपनीचा. तो आयकराचा वाद होता, पण त्यात न्यायालयाने वापरकर्त्यांचे परवाना-करार तपासले आणि सांगितलं की या करारांमुळे ग्राहकाकडे कॉपीराइटमधला कुठलाही हक्क जात नाही. त्याला मिळते ती अटींसकट वापरण्याची मुभा. थोडक्यात, कर भरताना आपण माल घेतो आणि वापरताना मात्र मुभा घेतो.

एसटीचा विद्यार्थी पास आठवा. तो एका मुलाच्या नावाचा आणि ठरावीक दोन ठिकाणांमधला असतो. बसमध्ये जागा रिकामी असली म्हणून तो धाकट्या भावाला चालत नाही. सॉफ्टवेअरचा परवानाही असाच कशाला तरी बांधलेला असतो. कधी एका डब्याला, कधी एका माणसाला, कधी सर्व्हरच्या प्रोसेसरमधल्या गाभ्यांना, कधी यूएसबीच्या डाँगलला. व्हर्च्युअल मशीन करण्याआधी फक्त हीच गाठ शोधायची असते.

विंडोजची गाठ

आपल्याकडे विंडोज मुख्यतः तीन वाटांनी येतं. पहिली वाट ओईएमची: कॉम्प्युटरसोबतच आलेलं विंडोज. जुन्या डब्यांवर त्याचा रंगीत स्टिकर असे. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत ती की थेट मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. हा परवाना त्या डब्याला बांधलेला असतो. डबा विकला तर परवाना डब्यासोबत नव्या मालकाकडे जातो आणि डबा भंगारात गेला तर तोही तिथेच संपतो.

दुसरी वाट रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं विंडोज. ते स्वस्त नसतं, पण जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर टाकायची मुभा असते. तिसरी वाट व्हॉल्यूम करारांची, कंपन्या आणि संस्थांसाठी.

विंडोज १० आणि ११ च्या करारात व्हर्च्युअल वापराबद्दल सरळ अट आहे: एक परवाना म्हणजे एका उपकरणावर एक प्रत, मग ते उपकरण खरं असो की व्हर्च्युअल. आणखी व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकायचं असेल तर प्रत्येकासाठी वेगळा परवाना. म्हणजे बाहेर विंडोज ११ आणि आत आणखी एक विंडोज असेल तर परवाने दोन लागतात. एकाच लॅपटॉपमध्ये आहे ना, ही सबब चालत नाही.

आता स्पेक्ट्रोच्या डब्याचा हिशेब मांडू. त्यातलं विंडोज ७ ओईएम असेल तर ते त्या डब्याचं आहे. गंमत अशी की विंडोज ७ च्या करारात थेट बसवण्याऐवजी एका व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरायची मुभा होती, पण परवाना असलेल्या त्याच कॉम्प्युटरवर. म्हणजे जुन्या डब्यात लिनक्स टाकून त्याच्या आत ते विंडोज ७ चालवलं असतं तर नियमात बसलं असतं. नव्या डब्यात नेलं की गाठ सुटली. तेच विंडोज ७ वेगळं विकत घेतलेलं रिटेल असतं आणि जुन्या डब्यातून पुसलं असतं, तर नव्या पीसीवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये ते नेता आलं असतं. सॉफ्टवेअर तेच, पडदा तोच, पण बिलावर काय लिहिलं आहे यावर कायदेशीर की बेकायदा हे ठरतं.

कारखान्यापुढे तरीही रस्ता असतो. व्हॉल्यूम करारातून नव्या पीसीसाठी विंडोज एंटरप्राइजचा परवाना घेतला, सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्ससकट किंवा वर्गणीच्या स्वरूपात, तर त्या उपकरणावर एका खऱ्या प्रतीशिवाय चार व्हर्च्युअल प्रती चालवता येतात. शिवाय जुनी आवृत्ती वापरायची मुभाही त्यात येते. हा खर्च उपकरणाच्या किमतीपुढे किरकोळ असतो. दुसरा मार्ग उपकरण विकणाऱ्याकडून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेण्याचा. तिसरा, जुना डबा दुरुस्त करत राहण्याचा. मार्ग कुठलाही घ्या, जुनं विंडोज इंटरनेटपासून तोडून ठेवणं शहाणपणाचं. एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं ८ एप्रिल २०१४ ला बंद झालं, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे आज जे प्रश्न विंडोज ७ च्या डब्यांचे आहेत तेच आता विंडोज १० च्या डब्यांचे होणार आहेत, आणि त्यांची संख्या खूपच मोठी आहे.

नियम तंत्राचा नाही, धंद्याचा

एका डब्यात दुसरं विंडोज चालायला तंत्राची काहीच आडकाठी नसते. अट घालते ती कंपनी, आणि तिचा विचार बदलला की अटही बदलते. याचं ठळक उदाहरण विंडोज व्हिस्टाचं. ते २००७ च्या सुरुवातीला घरगुती ग्राहकांसाठी बाजारात आलं तेव्हा होम बेसिक आणि होम प्रीमियम या स्वस्त आवृत्त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये वापरायला करारानेच बंदी होती. महागड्या बिझनेस आणि अल्टिमेट आवृत्त्यांना परवानगी होती. सॉफ्टवेअर दोन्हीकडे व्यवस्थित चालायचं. टीका झाली आणि जानेवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही बंदी उठवली. सॉफ्टवेअरमध्ये काहीही न बदलता काल बेकायदा असलेली गोष्ट आज कायदेशीर झाली.

पुढच्याच वर्षी गाडी उलट्या दिशेने गेली. व्हिस्टामुळे पोळलेल्या कंपन्या एक्सपी सोडेनात. म्हणून २००९ मध्ये विंडोज ७ च्या प्रोफेशनल, एंटरप्राइज आणि अल्टिमेट ग्राहकांना ‘एक्सपी मोड’ फुकट दिला गेला. तो म्हणजे परवान्यासकट एक तयार एक्सपी व्हर्च्युअल मशीनच होती.

महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांना या सोयीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. लग्नपत्रिका, हँडबिलं, तालुक्याची साप्ताहिकं यांचं काम वर्षानुवर्षं पेजमेकरवर झालं. त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची. मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटांमध्ये, जुन्या फाइलींचे ढीग, आणि ग्राहक येऊन म्हणतो, “दादा, मागच्या वर्षीचीच पत्रिका काढा, नावं बदला.” एक्सपीची व्हर्च्युअल मशीन हा त्यावरचा नामी उपाय. पण एक्सपी मोडचा परवाना विंडोज ७ च्या त्या डब्याशी बांधलेला होता. त्याची फाइल काढून विंडोज १० वर उघडली तर ती उघडेलही, परवाना मात्र सोबत येत नाही. याउलट मराठी फाँटच्या ज्या पॅकेजांना डाँगल असे, त्यांची गाठ डाँगलमध्ये. डाँगल नव्या पीसीला लावून आतल्या मशीनला जोडला की पॅकेज सुरू. एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये असे तीन वेगळे परवाने असतात: विंडोजचा, पेजमेकरचा आणि फाँटचा. एक सुटला म्हणून बाकीचे सुटत नाहीत.

पाच मुनीम, एक विंडोज

जालन्याच्या बाजारात लोखंड, बियाणं आणि मोसंबी यांचा व्यवहार मोठा, त्यामुळे हिशेबाचं कामही मोठं. टॅली विंडोजवर चालतं. त्याचा सिल्व्हर परवाना एका वापरकर्त्यासाठी आणि गोल्ड एकाच नेटवर्कवरच्या अनेकांसाठी. इथवर सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा पुढे होतो.

शेठजींना कारखान्यातून, दुकानातून आणि घरून एकच टॅली बघायचं असतं. मग एका चांगल्या पीसीवर, किंवा त्याच्या आतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, विंडोज ११ प्रो टाकतात आणि पाच जण रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरतात. प्रो आवृत्ती मुळात एका वेळी एकालाच आत घेते. पण कुणीतरी विंडोजची एक सिस्टिम फाइल बदलून देतो आणि पाचही जण एकदम काम करू लागतात. टॅली गोल्ड अस्सल, बिल फाइलला लावलेलं, मग चूक कुठे? चूक विंडोजच्या परवान्यात. डेस्कटॉप विंडोज एका वेळी एका माणसाने वापरायचं असतं. सर्व्हरवर टाकून लोकांना दुरून वापरायला देणं किंवा केवळ दुरून वापरण्यासाठीच ते बसवणं, याला करारात स्पष्ट मनाई आहे.

नियमात बसणारे पर्याय दोन. कार्यालय एकाच छताखाली असेल तर प्रत्येक पीसीवर आपापलं विंडोज आणि टॅली, आणि डेटा मात्र एका पीसीवरच्या सामायिक फोल्डरमध्ये. डेस्कटॉप विंडोजच्या करारात फाइल आणि प्रिंटरच्या सामायिक वापरासाठी २० उपकरणांपर्यंत जोडणीला परवानगी आहे. लोक लांबून येणार असतील तर विंडोज सर्व्हर, त्याचे क्लायंट अ‍ॅक्सेस परवाने आणि त्यावर रिमोट डेस्कटॉपचे वेगळे परवाने. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यासाठी अनेकांनी टॅलीची आवृत्ती बदलली. त्याच वेळी खालच्या विंडोजकडेही बघायला हवं होतं.

इथे एक ऐकीव समजूतही दूर करायला हवी: “एका परवान्यात दोन व्हर्च्युअल मशीन फुकट असतात.” हे खरं आहे, पण विंडोज सर्व्हर स्टँडर्डबद्दल. त्या सर्व्हरच्या प्रोसेसरमधल्या सगळ्या गाभ्यांसाठी, किमान १६, परवाने घेतले की सर्व्हरच्याच दोन व्हर्च्युअल प्रती चालवता येतात. डेटासेंटर आवृत्तीत कितीही. डेस्कटॉप विंडोजला हा नियम लागू नाही. हायपर-व्ही विंडोज प्रोसोबत फुकट येतं, तेही खरं. पण फुकट मिळते ती रिकामी मशीन. तिच्यात बसवायचं विंडोज फुकट नसतं.

मोठ्या सर्व्हरवर पन्नास डेस्कटॉप ठेवायचे आणि टेबलावर फक्त पडदा आणि की-बोर्ड, अशी व्यवस्था करायची असेल तर त्या पडद्यांसाठी वेगळा परवाना लागतो. त्याला व्हीडीए म्हणतात. या गुंतागुंतीतून ग्राहकाला सोडवायला म्हणा किंवा कायमचं बांधून घ्यायला म्हणा, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये क्लाउडवरचा डेस्कटॉप आणला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये विंडोज ३६५. तिथे गाठ माणसाशी असते आणि पैसे दरमहा. डबा कुठलाही चालतो. वर्गणी थांबली की कॉम्प्युटरही थांबतो.

मॅकची हद्द, लिनक्सचं मोकळं रान

अ‍ॅपलने ही गाठ सगळ्यात घट्ट मारली आहे. मॅकओएस व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येतं, २०११ च्या लायन आवृत्तीपासून एका मॅकवर आणखी दोन प्रतींपर्यंत. पण यंत्र अ‍ॅपलचंच हवं आणि हेतूही ठरलेले: सॉफ्टवेअर तयार करणं, तपासणं, सर्व्हर चालवणं किंवा खासगी, बिगर-व्यावसायिक वापर. आयफोनचं अ‍ॅप बनवायला एक्सकोड लागतं आणि ते फक्त मॅकवर चालतं. म्हणून विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये मॅकओएस बसवतात. यूट्यूबवर त्याच्या पायऱ्या मिळतात, पण परवाना मिळत नाही. अमेरिकेत सायस्टार नावाची कंपनी मॅकओएस टाकलेले साधे पीसी विकत होती. अ‍ॅपलने खटला भरला, २००९ मध्ये जिंकला आणि २०११ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. २०२० पासून अ‍ॅपलच्या करारात मॅक भाड्याने देण्याची सोय आली, पण किमान सलग २४ तासांसाठी. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर मॅक घेतला तर कमीत कमी २४ तासांचे पैसे लागतात ते याच कलमामुळे.

लिनक्सचं उलट आहे. त्याचा गाभा जीपीएल परवान्याखाली आहे आणि त्यात प्रती काढायला, वाटायला, बदलायला परवानगी आधीच दिलेली असते. उबुंटू किंवा आपल्या सी-डॅकने तयार केलेलं बॉस लिनक्स पन्नास व्हर्च्युअल मशीनमध्ये टाका, कुणी विचारणार नाही. पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत क्लाउडची प्रात्यक्षिकं लिनक्सवर करणं म्हणूनच सोयीचं. विंडोजच शिकवायचं असेल तर विंडोज एंटरप्राइजची ९० दिवसांची आणि विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी प्रत मायक्रोसॉफ्ट अधिकृतपणे देते. सरावाला ती पुरेशी आहे, पण कार्यालयाच्या रोजच्या कामाला ती वापरायची नसते.

आणि ज्या सॉफ्टवेअरवर व्हर्च्युअल मशीन उभी राहते, त्याचा परवानाही बघावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ संच जीपीएलखाली, कारखान्यालाही मोफत. पण त्याचा एक्स्टेन्शन पॅक खासगी वापर, शिक्षण आणि चाचणीपुरताच फुकट आहे. धंद्यासाठी ओरॅकलकडून तो विकत घ्यावा लागतो. पूर्वी वेगवान यूएसबी जोडणीसाठी हा पॅक लागायचा आणि पुष्कळांनी तो त्यासाठीच उतरवला. २०२२ च्या ७.० आवृत्तीपासून ती सोय मूळ संचातच आली, तेव्हा तो काढून टाकायला हरकत नाही. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो पूर्वी पैसे देऊन घ्यावं लागे. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेल्यावर नोव्हेंबर २०२४ पासून ते धंद्यासाठीही मोफत झालं. इथेही नियम एका घोषणेत बदलला.

‘अ‍ॅक्टिव्हेट झालंय की!’

परवान्याची चौकशी केली की हे उत्तर हमखास मिळतं. अ‍ॅक्टिव्हेशन ही तांत्रिक तपासणी आहे. की ओळखीची आहे का, एवढंच ती बघते. ती की ह्या यंत्रासाठी, ह्या माणसाला, ह्या वापराकरता दिलेली आहे का, हे तिला कळत नाही. ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या कीज पुष्कळदा भलत्याच संस्थेच्या व्हॉल्यूम करारातल्या असतात. त्या चालतात आणि एक दिवस बंद पडतात. चालत होत्या तेव्हाही परवाना आपल्याकडे नव्हताच. उलट बाजूही लक्षात घ्यावी. अस्सल परवाना असलेलं विंडोज नियमाप्रमाणे व्हर्च्युअल मशीनमध्ये हलवलं तर हार्डवेअर बदललं असं समजून ते पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागतं. ती अडचण तांत्रिक आहे, बेकायदा काही नाही.

बेकायदा प्रतीबद्दल कायदा बोलतो तो कलम ६३ब मध्ये. प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. कंपनीने गुन्हा केला तर त्या वेळी कारभार बघणारे जबाबदार धरले जातात. बॅकअपसाठी प्रत काढायला मात्र कलम ५२ मध्ये मुभा आहे. प्रोग्राम रीतसर जवळ असलेल्याने तो हरवू किंवा बिघडू नये म्हणून केलेली प्रत गुन्हा ठरत नाही. व्हर्च्युअल मशीनची फाइल कपाटातल्या डिस्कवर जपून ठेवणं आणि तीच फाइल शेजारच्या टेबलावर दुसरी मशीन म्हणून सुरू करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्यक्षात पोलिसांपेक्षा आधी येतो तो कंपनीचा ईमेल. व्हॉल्यूम करारात तपासणीचं कलम असतं आणि एखाद्या दिवशी किती प्रती, किती परवाने, अशी विचारणा येते. तेव्हा डबे मोजता येतात, फाइली मोजता येत नाहीत. म्हणून एक साधी वही किंवा एक्सेलची शीट ठेवावी: व्हर्च्युअल मशीनचं नाव, ती कुठल्या पीसीवर आहे, आत कुठलं विंडोज, परवाना ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम, बिलाचा क्रमांक आणि तारीख. कराराचा मजकूरही त्या दिवशीच पीडीएफ करून ठेवावा, कारण नंतर वेबसाइटवर नव्या आवृत्तीचा करार असतो आणि आपल्याला लागू असतो तो जुना.

यंत्रसामग्री, उपकरण किंवा हिशेबाचं पॅकेज घेताना आणखी एक गोष्ट करता येते. ऑर्डरमध्येच लिहून घ्यायचं की हे सॉफ्टवेअर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायला विक्रेत्याची परवानगी आहे, डबा बदलला तर परवाना नव्या डब्यावर नेता येईल, आणि सोबत येणारं विंडोज कुठल्या प्रकारचं आहे. सही होण्याआधी विक्रेता या तीन ओळी हसत लिहून देतो. पैसे पोचल्यावर आणि यंत्र बसल्यावर तेच मागायला गेलं, की आपला हात दगडाखाली असतो.